फुटली कीं फोडली?

‘बरणी फुटली’, ‘माझ्या हातून बरणी फुटली’ आणि ‘मीं बरणी फोडली’ हीं तीन वाक्यें एकाच घटनेविषयीं असूं शकतात. जमिनीवरचे तुकडे तेच, सांडलेलें लोणचें तेंच, आणि गृहिणीच्या कपाळावरची आठीहि बहुधा तीच. तरी या तीन वाक्यांचा नैतिक भार निरनिराळा आहे, हें कोणाहि मराठी माणसाला समजावून द्यावें लागत नाहीं. पहिल्या वाक्यांत बरणीखेरीज कोणीच नाहीं. फळीवर बसून कंटाळा आला म्हणून जणूं ती आपण होऊन खालीं आली. तिसऱ्यांत कर्ता आहे आणि त्याचा हेतुहि जवळजवळ गृहीत आहे. दुसरें वाक्य या दोहोंच्या मध्यें उभें आहे. घडलें तें माझ्या मनांत नव्हतें, पण घडलें तें माझ्या हातानें, एवढें तें कबूल करतें. लहान मूल पहिलें वाक्य फार लौकर शिकतें. दुसरें शिकण्यास कित्येकांना जन्म पुरत नाहीं.

कार्यकारणभाव हा तत्त्वज्ञांचा जुना विषय आहे. पण तत्त्वज्ञ जागे होण्यापूर्वींच भाषेनें त्याची वाटणी करून ठेवलेली असते, आणि नीतीचे पुष्कळसे निकाल आपण केवळ क्रियापद निवडून देत असतों. निकाल दिला हें आपल्या ध्यानांतहि येत नाहीं. त्या निवडीकडे थोडें निरखून पाहावें, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

मराठीची या बाबतींतील संपत्ति मोठी आहे. फुटणें-फोडणें, तुटणें-तोडणें, सुटणें-सोडणें, पडणें-पाडणें, मरणें-मारणें, जळणें-जाळणें. एखादा स्वर लांबविला, एखादें व्यंजन मृदु केलें, कीं आपोआप होणाऱ्या गोष्टीला कर्ता मिळतो. जेथें अशी जोडी नाहीं तेथें ‘व’ कामास येतो, बसणें-बसवणें, बुडणें-बुडवणें. इतकेंच नव्हे, तर ‘करणें’ आणि ‘करविणें’ यांत हात चालविणारा एक आणि त्या हाताला चालना देणारा दुसरा, असे दोघे वेगळे दाखवितां येतात. ही सोय कांहीं आपलीच नव्हे. कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत डकेल्ह नांवाचे लोक राहतात. त्यांच्या भाषेला इंग्रजींत कॅरिअर म्हणतात. तिच्यावरचा मोठा ग्रंथ आद्रियें-गाब्रिएल मोरिस या पाद्र्यानें १९३२ सालीं प्रसिद्ध केला. त्या भाषेंत धातूच्या लगेच आधीं येणारा एक बारीकसा ध्वनि, जिभेच्या कडेनें वारा सोडून काढलेला, ‘होणें’ याचें ‘घडवून आणणें’ करून टाकतो. आमच्या ‘पाडणें’ यांतील लांबलेला ‘आ’ जें काम करतो तेंच काम तेथें हा ध्वनि करतो. जगाच्या दुसऱ्या टोकाला, हिमांत आणि सामन माशांत वाढलेल्या माणसांनाहि ‘पडलें’ आणि ‘पाडलें’ हा भेद शब्दाच्या पोटांत साठवून ठेवावासा वाटला, याचें मला मोठें नवल वाटतें.

भाषेच्या अशा संवयींचा स्मृतीवर परिणाम होतो कीं काय, याचीहि परीक्षा झालेली आहे. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की या दोन विदुषींनीं इंग्रजी व स्पॅनिश बोलणाऱ्यांना कांहीं चित्रफिती दाखविल्या. कांहींत माणूस मुद्दाम वस्तु फोडतो, कांहींत त्याच्याकडून ती चुकून फुटते. १९११ सालीं नव्हे, अगदीं अलीकडे, २०११ सालीं त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. मुद्दाम केलेल्या कृत्याचा कर्ता दोन्ही मंडळींना सारखाच आठवला. चुकून झालेल्या कृत्यांत मात्र ‘त्यानें फोडलें’ असें सहज म्हणणाऱ्या इंग्रजी भाषिकांना कर्ता अधिक आठवला. ‘तें फुटलें’ असें म्हणणाऱ्या स्पॅनिश भाषिकांना तो कमी आठवला. एका प्रयोगावर मोठा सिद्धांत उभारूं नये हें खरें. पण ज्याला वाक्यांत जागा नाहीं तो मनांतूनहि लौकर निसटतो, ही शंका आपल्याला येथें घरबसल्याहि येण्यासारखी आहे.

क्रियापदाकडून आतां जोडशब्दांकडे वळूं. कारण सांगण्यासाठीं आपल्याजवळ मुख्य शब्द दोन. ‘म्हणून’ आणि ‘मुळें’. शाळेंतील व्याकरण त्यांची जात सांगून थांबतें, पण त्यांच्या स्वभावांतील अंतर जातीहून मोठें आहे. ‘म्हणून’ हा ‘म्हणणें’ याचाच वंशज. ‘पाऊस आला म्हणून मी थांबलों’ यांत कोणीतरी मनाशीं ‘पाऊस आला’ असें म्हटलें आणि मग तो थांबला, अशी एक पुसट कथा दडलेली आहे. कानडीसारख्या शेजारच्या द्राविडी भाषांतहि बोलण्याचाच शब्द हें काम करतो. आज आपण ‘ऊन पडलें म्हणून कपडे वाळले’ असेंहि म्हणतों आणि कपडे कांहीं म्हणत नाहींत. तरी शब्दाचा मूळचा वास पुरता गेलेला नाहीं. ‘म्हणून’ सांगणारा माणूस स्वतः कारण देत असतो. ‘मुळें’ हा शब्द ‘मूळ’ यापासून आला. तो झाडाकडे बोट दाखवितो, माणसाकडे नाहीं. ‘मी आजारी होतों म्हणून आलों नाहीं’ या वाक्यांत आजारी पडणारा मी आणि न येणारा मी, दोघेहि उभे आहेत. ‘प्रकृति-अस्वास्थ्यामुळें येणें झालें नाहीं’ यांत एकहि नाहीं. आपल्या पत्रलेखनानें ‘येणें झालें नाहीं’, ‘लिहिणें राहून गेलें’, ‘भेट घडली नाहीं’ अशा वाक्यांचें जें भांडार तयार केलें आहे, त्याच्या सौजन्याबद्दल मला आदर आहे. पण त्या सौजन्याच्या आड किती माणसें सुखानें राहतात हेंहि पाहावें.

आणि गंमत अशी कीं, मुळाचें नांव घेणारा हा शब्द बहुधा शेंड्यालाच हात लावतो. घटनेच्या अगदीं जवळचें, शेवटचें जें कारण, त्याला ‘मुळें’ चिकटविलें कीं चौकशी संपते. आपल्या नैयायिकांनीं या प्रश्नाचा फार बारकाईनें विचार केलेला आहे. घटाचें समवायि कारण माती, निमित्त कारण कुंभार, त्याचा दंड, त्याचें चाक. परंतु ज्या गाढवाच्या पाठीवरून माती आली तें गाढव, आणि कुंभाराचा बाप, हे अन्यथासिद्ध, म्हणजे कारणांच्या पंक्तींत न बसणारे. घटापुरतें हें ठीक आहे. बापापर्यंत गेलें तर आजोबापर्यंत जावें लागेल आणि गाडगें कधींच भाजून निघणार नाहीं. सामाजिक घटनांत मात्र ही रेघ कोठें मारावी हाच सगळा वाद असतो, आणि रेघ मारणारा बहुधा स्वतःला तिच्या पलीकडे ठेवतो.

हा वाद शब्दांचा खेळ वाटूं नये म्हणून मी माझ्या अवतीभोंवतींचीं उदाहरणें घेतों. मी पनवेलीस राहतों. घाटाच्या पायथ्याचें हें जुनें बंदराचें गांव. येथें १८५२ पासून नगरपालिका होती आणि २०१६ पासून महानगरपालिका आहे. पनवेलीहून जुन्या पुणें-रस्त्यानें चौक गांवाकडे जातांना डावीकडे इर्शाळगडाचा सुळका दिसतो. त्याच्या कुशींत, खालापूर तालुक्याच्या हद्दींत, ठाकर लोकांची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं डोंगराचा कडा तिच्यावर आला. २७ जणांचे देह सांपडले. ५७ जण सांपडलेच नाहींत. चार दिवसांनीं, २३ जुलैस, शोध थांबविण्यांत आला आणि ती माणसें त्या मातींतच राहिलीं. वाडीपर्यंत गाडीचा रस्ता नव्हता. मदतीला गेलेल्यांना भर पावसांत पायीं चढावें लागलें, मोठीं यंत्रें वर नेतां आलीं नाहींत, आणि फावड्या-कुदळींनीं चिखल उपसावा लागला.

‘अतिवृष्टीमुळें दरड कोसळली’ हें वाक्य त्यानंतर आपण सर्वांनीं शेंकडों वेळां वाचलें, आणि त्यांत खोटें कांहीं नाहीं. पाऊस फार होता, दरड कोसळली. पण ‘दरड कां कोसळली’ आणि ‘माणसें कां मेलीं’ हे प्रश्न दोन आहेत, आणि पहिल्याचें उत्तर दुसऱ्यालाहि पुरेल अशी व्यवस्था तें एक ‘मुळें’ करून टाकतें. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत पाऊस एकटा नाहीं. तेथें रस्ता नसलेली वाडी आहे. डोंगर सोडून खालीं यावें तर खालीं कोणाच्या जमिनीवर यावें हा पिढ्यान् पिढ्यांचा प्रश्न आहे. आणि दरडीचें भय असलेल्या गांवांची जी सरकारी यादी होती तींत इर्शाळवाडीचें नांव नव्हतें, ही गोष्टहि आहे. ‘यादींत नांव नव्हतें.’ हें वाक्यहि कसें आहे पाहा! यादी म्हणजे कांहीं रानांत उगवलेली वेल नव्हे. ती कोणी तरी केली, कांहीं कसोट्या लावून केली, आणि त्या कसोट्यांतून एक वाडी सुटली. ‘सुटली’ हेंहि पुन्हां अकर्मकच.

येथें एक गैरसमज टाळला पाहिजे. कोणत्या डोंगराचा कोणता भाग कोणत्या रात्रीं ढळेल हें सांगणारें शास्त्र अजून माणसाच्या हातीं आलेलें नाहीं, आणि यादी करणाऱ्या कोणा कारकुनाला वा भूगर्भशास्त्रज्ञाला सुळावर चढवावें असें माझें म्हणणें नाहीं. ‘कोणी मारलें?’ हा प्रश्न येथें अन्यायाचा होईल. परंतु ‘कोणीं मारलें नाहीं, तेव्हां कोणाला कांहीं सांगावयाचें नाहीं’ हें अनुमानहि तितकेंच अन्यायाचें आहे. दोष देणें आणि जाब देणें या दोन गोष्टी आहेत. ज्याच्या हातीं यादी होती, रस्त्याचा निधि होता, जमिनीचा सात-बारा होता, त्यानें हेतु नसतांहि ‘हें माझ्या हातून राहिलें’ असें म्हणण्याची जी जागा भाषेंत आहे, ती रिकामी पडलेली आहे, एवढेंच मला दाखवावयाचें आहे.

उलट, पुढें वांचलेल्यांसाठीं खालीं चौकाजवळ घरें झालीं, तेव्हां भाषेला कर्ता ताबडतोब सांपडला. ‘घरें बांधलीं’, ‘चाव्या दिल्या’. वाक्यावाक्याला कोणीतरी बांधणारा आणि देणारा होता, त्याचें नांव होतें, छायाचित्रहि होतें. पुण्य सकर्मक क्रियापदांत आणि पाप अकर्मक क्रियापदांत, अशी ही वांटणी आहे. धरण ‘बांधलें’ जातें, पण गांव ‘बुडतें’. पूल ‘उभारला’ जातो, पण तो ‘कोसळतो’. माझ्या मतें सार्वजनिक मराठी गद्याची नीति तपासावयाची असेल, तर त्यांतील विशेषणें पाहण्यांत वेळ घालवूं नये. कर्ता कोणत्या वाक्यांत हजर असतो आणि कोणत्या वाक्यांत गैरहजर, याची नोंद ठेवावी.

पनवेलीच्या पश्चिमेस उरण तालुक्यांत चिरनेर नांवाचें गांव आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजीं तेथील अक्कादेवीच्या डोंगरावर लोक जंगल सत्याग्रहासाठीं कोयते-कुऱ्हाडी घेऊन गेले. तेथें पोलिसांच्या गोळ्यांनीं आठ सत्याग्रही पडले. त्याच दिवशीं, त्याच जागीं, पनवेलचे मामलेदार केशव महादेव जोशी हेहि गतप्राण झाले. ‘गोळीबारांत मामलेदार मारले गेले’ असें वाक्य लिहिलें, तर तें कोणत्याहि पक्षाला नाकारतां येणार नाहीं, आणि म्हणूनच तें काडीच्या उपयोगाचें नाहीं. कारण त्या भागांतील लोकांच्या आठवणींत कथा अशी आहे कीं, मामलेदारांनीं निःशस्त्रांवर गोळ्या झाडण्यास संमति दिली नाहीं आणि ते पोलिसांच्याच गोळीनें पडले. ही कथा खरी धरली तर ते एका प्रकारचे हुतात्मे. न धरली तर दंग्याचे बळी. ‘मारले गेले’ हें क्रियापद दोहोंनाहि आपल्या पांघरुणाखालीं घेतें. गोळीबार झाला, गोळीबार केला, गोळीबार करविला. मराठीनें तिन्ही दारें उघडीं ठेवलेलीं आहेत. पहिल्या दारांतून आंत जाणाऱ्यास कोणीच भेटत नाहीं. दुसऱ्यांत बंदूकवाला शिपाई भेटतो, आणि तोहि बहुधा पोटासाठीं नोकरी करणारा गरीब माणूस असतो. तिसऱ्या दारांतून कोण भेटेल हें ज्याला ठाऊक असतें, तो तें दार सहसा वापरूं देत नाहीं.

स्वराज्य आल्यानें हें व्याकरण बदललें असें नाहीं. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं त्याच उरण तालुक्यांत, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालीं आपल्या जमिनीचा योग्य मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळ्या चालल्या आणि पांच जण गेले. तेव्हांहि ‘गोळीबार झाला’. न्यायाची बाजू पाहावयाची तर हेंहि सांगितलें पाहिजे कीं, मोर्चांच्या हकिकती लिहिणारे आपल्या बाजूच्या कृत्याबद्दल ‘दगडफेक झाली’ असेंच लिहितात. आपल्या बाजूचें तें ‘होतें’ आणि दुसऱ्या बाजूचा तो ‘करतो’, हा नियम सर्व पक्षांना सारखाच प्रिय आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. कर्ता शोधण्याचा हा हव्यास माणसाला क्रूर बनवितो. लग्नानंतर वर्षाच्या आंत घरांत मृत्यु झाला तर ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून नव्या सुनेच्या माथीं मारणाऱ्यांनीं कर्ता शोधलाच होता. ‘हिच्यामुळें माझा मुलगा गेला’ या वाक्यांतील ‘मुळें’ हें कुऱ्हाडीहून कमी धारदार नाहीं, आणि त्यानें आपल्या समाजांत किती विधवांचें आयुष्य तोडलें याचा हिशेब कोणीं ठेवला नाहीं. पटकीला आणि देवीला कर्ता शोधतां शोधतां आम्हीं कोंबडीं-बकरीं कापलीं आणि कधीं कधीं एखाद्या दुबळ्या म्हातारीलाहि चेटकीण ठरविलें. तेथें ‘रोग आला, माणूस गेला’ असें कर्ताहीन वाक्य म्हणणें हेंच शहाणपण होतें, आणि दयाहि होती. पूर्वजन्मीच्या कर्मामुळें हें झालें, असें सांगणाऱ्यांनीं तर कर्ता शोधून तो थेट दुःख भोगणाऱ्याच्याच अंगावर घातला. दरडीखालीं गेलेल्या पोरानें कोणत्या जन्मीं काय केलें होतें, हें विचारण्याचा धीर मला होत नाहीं.

हा आक्षेप मी मान्य करतों, पण त्याचा रोख माझ्या मुद्द्यावर येत नाहीं. सुनेला दोष देणारा आणि ‘अतिवृष्टीमुळें’ म्हणून फाईल मिटविणारा हे दोघे एकच गोष्ट करीत असतात; कारणांच्या लांब सांखळींतून आपल्याला सोयीची एक कडी उचलतात आणि बाकीची सांखळी झांकून ठेवतात. एकाला दुबळा माणूस सोयीचा, दुसऱ्याला आभाळ. ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्याला ह्यूम ठाऊक नव्हता. पण एकापाठोपाठ एक येणें म्हणजे कारण होणें नव्हे, हें त्यानें बरोबर ओळखलें होतें. ही म्हण सुनेच्या रक्षणासाठीं आहे. फांदी आधींच कोणीं पोखरली होती तें विचारूं नये, असा मात्र तिचा अर्थ नाहीं.

आतां त्या मधल्या वाक्याविषयीं. ‘हातून’ या शब्दांत एक सूक्ष्म न्याय आहे. तो हेतु आणि परिणाम यांना वेगळे करतो. हेतु नव्हता, तेव्हां मी गुन्हेगार नाहीं. पण हात माझा होता, तेव्हां मी परकाहि नाहीं. कायद्याला या मधल्या जागेंत फार वेळ उभें राहतां येत नाहीं. त्याला शिक्षा किंवा सुटका, यांपैकीं एक निवडावें लागतें. म्हणून ही जागा नीतीची. ज्या डॉक्टरच्या हातांत रोगी दगावला, ज्या गाडीवानाच्या चाकाखालीं अचानक पोर आलें, ज्या बापाच्या एका शब्दानें मुलगा घर सोडून गेला, त्यांना ‘मीं केलें’ म्हणणें खोटें वाटतें आणि ‘झालें’ म्हणणें त्याहून खोटें वाटतें. त्यांच्यासाठीं भाषेनें हा एक शब्द राखून ठेवला आहे. तो वापरण्यास धैर्य लागतें, कारण त्यानंतर श्रोता काय म्हणेल हें आपल्या हातीं राहत नाहीं. संस्था तो वापरीत नाहींत. त्यांना हात नसतात असें त्या मानतात. तांत्रिक कारणास्तव पाणी येणार नाहीं असा फलक लागतो, तेव्हां ‘कारणास्तव’ हाच शब्द कारणाची जागा घेऊन बसतो, आणि तंत्र कोणाच्या ताब्यांत होतें तें वाचणाऱ्यानें तर्कानें जाणावें.

पनवेलीच्या बाजारांत धान्याचें एक जुनें दुकान आहे. मागच्या पावसाळ्यांत मी तेथें तांदूळ घेत होतों. माझ्या पुढच्या गिऱ्हाइकानें घरीं जाऊन वजन केलें असावें. ती बाई परत आली आणि माल कमी भरला म्हणाली. गादीवरचा तरुण लगेच म्हणाला, “काटा बिघडला असेल.” आंत पोत्यांशीं बसलेल्या म्हाताऱ्या मालकानें मान वर केली. “काटा सकाळीं मीच लावला,” तो म्हणाला, “माझ्या हातून तपासायचा राहिला, बाई.” मग तो उठला, तिच्या पिशवींत दोन ओंजळी तांदूळ टाकले, आणि सकाळपासून कोण कोण माल घेऊन गेलें त्यांचीं नांवें त्या पोराला एकेक करून विचारूं लागला.